रविवारची सुटी आणि मालकांची भाषा

रविवार हा सुटीचा दिवस, हें आज शाळकरी मुलासहि सांगावें लागत नाहीं. परंतु मुंबईच्या गिरणी-कामगारांस हा दिवस १८९० पर्यंत हक्कानें मिळत नव्हता. कांहीं गिरण्या रविवारीं बंद असत खऱ्या, पण तेथेंहि निम्मा दिवस यंत्रें साफ करण्यांत जाई. या वादांत मालकपक्ष कामगारांच्या विश्रांतीविषयीं जी भाषा बोलत असे, ती आम्हां रत्नागिरीकरांनीं विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंतील दोन लाखांहून अधिक माणसांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतला आढळतो. त्या जिल्ह्यांत तेव्हां आजच्या सिंधुदुर्गाचा कांहीं भागहि होता.

मालकांचें म्हणणें असें कीं, हिंदी कामगार सणावारीं घरीं राहतो, कामाच्या वेळांतहि बाहेर येऊन विडी ओढतो, आणि वर्षाकांठीं गांवीं जाऊन विसांवा घेतो. मग आणखी सुटी कशाला? १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनापुढेंहि असाच सूर निघाला. हा 'विसांवा' कसला, हें कोंकणांत ज्याचें घर आहे त्यास पुसावें! शिमग्यास आलेला चाकरमानी मागाहून राब भाजी, गडगे घाली, घर शाकारी, आणि रजा लांबली तर पहिल्या पावसांत जोत धरी. त्या दिवसांचा गिरणींतून पगार नसे. मालकांच्या हिशेबीं मात्र ही सारी विश्रांतिच.

याच्या उलट, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें परळ येथें सभा भरवून जो अर्ज करविला, त्यांत सवलतीची याचना नाहीं, घड्याळ आहे: दर रविवारीं पूर्ण सुटी, दुपारीं अर्धा तास मोकळा, आणि काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. अर्जावर सुमारें ५,५०० सह्या होत्या. पुढें २४ एप्रिल १८९० च्या सभेस दहा हजारांवर कामगार जमले व दोन स्त्रियाहि बोलल्या. १० जून १८९० रोजीं मालकांच्या संघानें रविवार मान्य केला. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कायद्यानें दिला.

सूर्यास्ताची हद्द मात्र टिकली नाहीं. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास कित्येक ठिकाणीं काम चौदा तासांवर गेलें. अखेर १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली.