स्तागिराचा परका

युरोपातल्या जुन्या ग्रंथांत पुष्कळदा नुसते 'स्टॅगिराइट' असे लिहिलेले आढळते. पुढे नाव नसते. वाचणाऱ्याने ॲरिस्टॉटल ओळखायचा.

स्तागिरा हे उत्तर ग्रीसमध्ये खाल्किदिकीच्या किनाऱ्यावरचे लहानसे नगर. आन्द्रोस बेटावरच्या लोकांनी ते इ. स. पूर्व सातव्या शतकात वसवले. इ. स. पूर्व 384 मध्ये तिथे ॲरिस्टॉटल जन्मला. वडील निकोमाखस मॅसेडोनियाच्या राजाचे वैद्य होते. सतराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा शिकायला अथेन्सला, प्लेटोच्या अकादमीत आला आणि गावाचे नाव त्याला चिकटले ते तिथे.

अथेन्सच्या नागरिकाची ओळख बापाच्या नावाने आणि 'डीम'ने, म्हणजे तो ज्या वस्तीत नोंदला असेल तिच्या नावाने, होई. सॉक्रेटिस अलोपेकेचा. बाहेरून आलेल्याला डीमच नसे, म्हणून त्याला मूळ नगराचे नाव लागे: किटिऑनचा झेनो, सिनोपचा डायोजिनिस. एलियाचा झेनो निराळा, हेही त्यातूनच कळे. आपल्याकडचे 'कर' लागलेले आडनावसुद्धा गाव सुटल्यावरच उपयोगी पडते. पण अथेन्समध्ये त्या नावामागे कायदा उभा होता. तिथे राहणाऱ्या परक्याला 'मेटिक' म्हणत. तो वर्षाला ठरावीक कर भरी. जमीन घेण्याचा आणि सभेत मत देण्याचा हक्क त्याला नव्हता. ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व 335 मध्ये शिकवणे सुरू केले तेही लायसियम या सार्वजनिक व्यायामशाळेच्या आवारात.

मला सर्वांत भिडते ते पुढचे. 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात तो विचारतो, नागरिक कोणाला म्हणावे? केवळ एखाद्या ठिकाणी राहिल्याने कोणी नागरिक होत नाही, कारण मेटिक आणि गुलामही तिथेच राहतात, असे तो मांडतो. नागरिकत्वाची एवढी नेमकी चिकित्सा नागरिकत्व नसलेल्या माणसाने केली, आणि आपले गाऱ्हाणे त्यात एका शब्दानेही येऊ दिले नाही.

मधल्या काळात इ. स. पूर्व 348 मध्ये मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने स्तागिरा उद्ध्वस्त केले होते. ॲरिस्टॉटलने आपल्या मुलाला, अलेक्झांडरला, शिकवल्याचा मोबदला म्हणून फिलिपने ते पुन्हा वसवले, असे प्लुटार्क सांगतो. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर अथेन्स मॅसेडोनियावर उलटले, ॲरिस्टॉटलवर अधर्माचा आरोप आला आणि तो आईच्या माहेरगावी, खाल्किसला निघून गेला. इ. स. पूर्व 322 मध्ये तिथेच वारला.

परकेपणाची ही खूण पुढे पंडितांनी आदराने उचलली. 'पॉलिटिक्स'चा तिसरा भाग वाचाल तेव्हा तो स्टॅगिराइटने लिहिला आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.