‘नाशिक’चे पंधरा बाइट

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘नाशिक’ हा शब्द पंधरा बाइट घेतो. न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. उर्दूत हेच शहर नून, अलिफ, सीन, काफ अशा चार हरफांत लिहितात. प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे आठ.

काही वर्षांपूर्वी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी एका वजनकाट्याच्या सर्किटसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहीत होतो. नोंदीत आधी गावाचं नाव आणि त्याला चिकटूनच चार बाइटांचं वजन असायचं. मालेगावच्या गिऱ्हाइकांसाठी पावती उर्दूतही हवी होती. उर्दू ‘नाशिक’ची नोंद बिनतक्रार वाचली जायची आणि मराठी नोंद आली की यंत्र ठप्प. शेजारचा सहकारी हसून म्हणाला, “तुझं यंत्रसुद्धा बाजू घेतंय.” मला हसू आलं नाही. आमच्याकडे असली थट्टा नुसती थट्टा राहत नाही.

उलगडा कळवणने केला. मराठीत लिहिलेलं ‘कळवण’ मात्र व्यवस्थित चालत होतं. त्याचे बाइट बारा. बारा आणि आठ, दोघांना चारने भाग जातो; पंधराला जात नाही. आमची चिप कॉर्टेक्स-एम० होती. चार बाइटांचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावरूनच सुरू झाला पाहिजे, असा तिचा दंडक. भाषेचा संबंधच नव्हता.

हा दंडक जुना आहे. १९६४ साली आयबीएमने आणलेल्या सिस्टीम ३६० मध्ये तो होता. कारण साधं: मेमरी ठरावीक रुंदीच्या घासांत वाचली जाते. दोन घासांवर पसरलेला आकडा वाचायचा तर दोनदा वाचून जोडावा लागतो, आणि त्याची यंत्रणा महाग पडते. सी ज्या पीडीपी-११ वर वाढली, तिथेही विषम पत्त्यावरून दोन बाइटांचा शब्द मागितला की प्रोग्राम अडायचा.

मग १९७८ मध्ये इंटेलचा ८०८६ आला. तो वाकड्या पत्त्यावरचा आकडाही जादा फेरी मारून निमूट आणून देई. पुढे घराघरांतले पीसी याच घराण्यातले निघाले, आणि माझ्या मते सगळ्यांची सवय तिथेच बिघडली. पुण्यात सी-डॅकने १९९८ साली उभारलेल्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. स्पार्क असं लाड करत नाही; पीसीवर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्राम तिथे ‘बस एरर’ देऊन मरतो.

मरतो ते एका अर्थी बरंच. एआरएम७ सारख्या जुन्या चिपा याहून वाईट वागत. पत्ता पंधरा दिला तर त्या बारापासूनचे चार बाइट उचलून, फिरवून हातात ठेवत. चूक कळवत नसत. माझा काटा तसल्या चिपेवर असता तर तो थांबला नसता, शेतकऱ्याच्या पावतीवर भलतंच वजन छापत राहिला असता.

गुन्हा माझा होता. बाइटांच्या पॉइंटरला मी जबरदस्तीने आकड्याचा पॉइंटर म्हटलं होतं. १९८९ च्या प्रमाण सीपासून याला संरक्षण नाही. पत्ता जुळत नसेल तर पुढे काय होईल याची हमी भाषा देत नाही. ‘इंटेलवर चालतं’ हाही भरवसा कच्चा, कारण कंपायलर पत्ता जुळलेला आहे असं गृहीत धरून वेगवान सूचना घालतो आणि कधी कधी तिथेही प्रोग्राम कोसळतो.

सुरक्षित वाट दोन ओळींची आहे. नोंदीत तेवढे बाइट खरंच उरलेत का ते आधी तपासायचं, मग ‘मेमकॉपी’ने ते चार बाइट वेगळ्या आकड्यात उतरवून घ्यायचे. मूळ पॉइंटर शेवटपर्यंत बाइटांचाच ठेवायचा. आधी कास्ट करून मग मेमकॉपी केली तर कंपायलर पुन्हा त्याच गृहीतकावर चालतो. वेग जाईल ही भीती फोल आहे. जिथे चिपेला चालतं तिथे चांगला कंपायलर या कॉपीची एकच सूचना करतो. नोंद दुसऱ्या यंत्राकडून येत असेल तर बाइटांचा क्रमही वेगळा असू शकतो; तेव्हा एकेक बाइट सरकवून आकडा जोडणं उत्तम.

पहाटे मी कास्ट काढून टाकली आणि जिल्ह्यातले तालुके दोन्ही लिप्यांत टाकून पाहिले. पेठ नऊ, निफाड पंधरा, सिन्नर अठरा, मालेगाव एकवीस. सगळ्यांची वजनं बरोबर आली.