भोकाचा पैसा आणि भरलेली तिजोरी

11 ऑगस्ट 1943, बुधवार. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेलीय आणि तुम्ही गिरगावात रेशनच्या रांगेत उभे आहात. मे महिन्यापासून मुंबईत धान्य असंच मिळतं, कार्डावर, मोजून. पुढच्या आजींना दुकानदारानं सुटे म्हणून नवा पैसा दिला. मधोमध एवढं मोठं भोक! त्यांनी तो उजेडाकडे धरला, भोकातून तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोटातलं काढून घेतलं की हो याच्या." धातू वाचवायला सरकारनं ते काढलंय. राणीछाप रुपये तर केव्हाच बाजारातून गेले.

तुमच्या खिशात दहाची नोट आहे. तिच्यावर गव्हर्नर टेलर यांची सही आहे. साहेब फेब्रुवारीतच वारले. आज त्यांच्या खुर्चीवर चिंतामणराव देशमुख बसताहेत, कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. पिशवी सांभाळत ट्राम पकडा आणि फोर्टात मिंट रोडला, बँकेच्या कचेरीपाशी उतरा. आजींच्या घरात धान्य का पुरत नाही, याचं अर्धं उत्तर तिथल्या वह्यांमध्ये आहे.

वही उघडा. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात लढाईसाठी कापड, तंबू, बूट, धान्य उचलतं. माल इथून जातो, दाम मात्र लंडनच्या खात्यावर पौंडांत जमा होतात. त्या पौंडांचे रोखे रिझर्व्ह बँक तारण म्हणून मांडते आणि त्यांच्यावर रुपयांच्या नोटा काढते. त्या नोटा कंत्राटदाराच्या, गिरणीमालकाच्या, शिपायाच्या हातात येतात आणि बाजारात उतरतात. कायद्यानं नोटांच्या पाठीशी दोन पंचमांश सोनं किंवा पौंडांचे रोखे लागतात. इथे रोखे त्याहून कितीतरी जास्त आहेत. तपासनीस आला तर कुठेही बोट ठेवू शकणार नाही, आणि मला या वहीची भीती वाटते ती त्यामुळेच.

लढाई सुरू झाली तेव्हा देशात सुमारे 179 कोटींच्या नोटा फिरत होत्या. आज त्या चौपटीच्या वर गेल्यात. शेतं तेवढीच आहेत. ब्रह्मदेश जपानच्या हाती पडल्यापासून तिकडचा तांदूळ बंद. कापडाचा मोठा वाटा लष्कराकडे जातो. घाऊक भाव चार वर्षांत दुपटीहून वर चढलेत. लंडनच्या खात्यातला पौंड इथे भात पिकवत नाही, आणि लढाई संपेपर्यंत त्या पौंडांवर फारसं काही मागवताही येत नाही. तिजोरी भरलेली आणि कणगी रिकामी, अशी ही गत आहे.

हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. गिरणी कामगारांनी 1940 साली संप करून महागाई भत्त्यासाठी झुंज तरी दिली. साठेबाजाला तर महागाई म्हणजे पर्वणीच. रांगेतल्या आजींची पेन्शन मात्र ठरलेली. तिला भत्ता नाही, संप नाही. लढाईसाठी सरकारनं त्यांच्यावर कर बसवला नाही. भावांनीच तो दर महिन्याला त्यांच्या ताटातून वसूल केला.

नव्या गव्हर्नरांच्या हाती काय आहे? जास्तीचा पैसा शोषून घ्यायला बाजारात सोनं विकलं जाईल, कर्जरोखे खपवले जातील. पण लष्कराची खरेदी थांबवणं देशमुखांच्या अखत्यारीत नाही. ते दिल्ली आणि लंडनमध्ये ठरतं. पुढच्या जुलैत देशमुख लढाईनंतरची जागतिक पैशाची घडी ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला जातील. या पौंडांचा प्रश्न हिंदी शिष्टमंडळ तिथे मांडेल, आणि हे आपण दोघं आपसात बघू, असं इंग्रजांकडून उत्तर येईल.

आता परत या. लढाई संपली तेव्हा लंडनमध्ये हिंदुस्थानचे 1,700 कोटींच्या आसपास रुपयांचे पौंड साठले होते. ते हाती आले स्वातंत्र्यानंतर, हप्त्याहप्त्यानं. 1943 च्या त्याच श्रावणात बंगालमध्ये माणसं तांदळावाचून रस्त्यावर मरत होती.