धाक, धीर आणि विमानविद्या

गोव्याचा आणि अलिबागचा रस्ता जिथे वेगळा होतो त्या रायगडातल्या वडखळ नाक्यावर मालट्रकचा राबता अखंड असतो. या धंद्यात एक समज पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे: उस्तादाच्या शिव्या खाल्ल्याशिवाय क्लीनरचा ड्रायव्हर होत नाही. लष्करी वैमानिक घडवण्याच्या कामातही हा समज शंभर वर्षे तग धरून आहे. शिकाऊ पोराला कॉकपिटमध्ये घालूनपाडून बोलले, तरच तो लढाईत टिकेल, असे मानणारे आजही भेटतात. विमानविद्येचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. कसोटी कडक असली पाहिजे यात वाद नाही. पण कडक कसोटी आणि कडवट वागणूक यांची गल्लत जिथे झाली, तिथे शिकणारे घाबरले, चुका दडल्या आणि माणसे हकनाक गेली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकवण्याचे काम बहुधा आघाडीवरून थकून आलेल्या वैमानिकांच्या गळ्यात पडे. अशा शिक्षकाला शिष्याच्या हाती विमान द्यायचीच भीती वाटे. वेग कमी पडून विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले, की मरण ठरलेले असे मानत. म्हणून त्या वाटेला जाऊच नका, एवढीच शिकवण असे. 1916 च्या अखेरीस गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने हे सगळे उलटे केले. दुहेरी नियंत्रणाच्या अ‍ॅव्हरो विमानात त्याने शिष्याला वैमानिकाच्या जागी बसवले आणि शिक्षकाचा आवाज थेट त्याच्या कानात पोचावा म्हणून बोलण्याची नळी लावली. मग मुद्दाम विमान गिरकीत घालायचे आणि उलट रडर देऊन, दांडी पुढे लोटून बाहेर कसे काढायचे ते शिष्याकडूनच करून घ्यायचे. कशाने काय होते हे कळल्यावर भीतीची जागा ज्ञानाने घेतली. ही पद्धत लाड करणारी नव्हती, उलट आधीपेक्षा अधिक धाडस मागणारी होती. पुढे जगभरच्या हवाईदलांनी हीच पद्धत उचलली.

त्याच युद्धात मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर लढले आणि जून 1918 मध्ये कामी आले. त्यांचे समकालीन इंद्रलाल रॉय यांची कथा तर या वादात पुरावा म्हणून मांडावी अशी. 1917 मध्ये त्यांचे विमान कोसळले आणि ते जबर जखमी झाले. धाकाच्या हिशेबाने असा पोरगा बाद. पण त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवले गेले, आणि परतल्यावर जॉर्ज मॅकेलरॉय या मुरलेल्या वैमानिकाच्या हाताखाली त्यांना उड्डाण करायला मिळाले. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा हवाई विजय नोंदवले. त्याच महिन्यात ते धारातीर्थी पडले, तेव्हा वय होते अवघे 19.

स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाईदलाने 1948 मध्येच शिक्षक घडवणारी वेगळी शाळा काढली. म्हणजे उत्तम उडवता येणे आणि उत्तम शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण मान्य केले होते. कमी पडली ती मधली पायरी. किरणसारख्या सौम्य विमानावरून शिकाऊ वैमानिक थेट मिग-21 वर जात, आणि हे विमान ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकत असे. हवाईदलातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने 1982 मध्ये प्रगत जेट प्रशिक्षक विमान मागितले. ते ‘हॉक’ बीदरला दाखल झाले फेब्रुवारी 2008 मध्ये. मधल्या काळात अपघात झाला की ‘वैमानिकाची चूक’ हा शेरा सोयीचा ठरे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर 2001 मध्ये सुरतगडजवळ मिग-21 कोसळून गेले, तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी याच वृत्तीविरुद्ध जाहीर लढा उभारला.

यावर कोणी म्हणेल, अपघात यंत्रामुळे झाले, त्याचा शिकवणीशी काय संबंध? संबंध असा, की ‘पोरगाच कच्चा’ म्हटले की चौकशी तिथेच थांबते आणि सदोष पायरी तशीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शत्रू काही गोड बोलणार नाही, मग दडपणाची सवय नको का? जरूर हवी. पण ती सवय इंजिन बंद पडल्याचा, उपकरणे निकामी झाल्याचा सराव वारंवार करून लागते. अपमानाने लागते ती वरिष्ठापुढे गप्प बसण्याची सवय. मार्च 1977 मध्ये तेनेरिफ येथे दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकून 583 माणसे मेली. समोरचे विमान अजून बाजूला झाले नसावे, ही शंका उड्डाणाला निघालेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती; पण कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक, त्याने ती उडवून लावली आणि पुढे कोणी ताणले नाही. त्यानंतर कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, याचेच रीतसर प्रशिक्षण सुरू झाले.

म्हणून जो पात्र ठरत नाही त्याला उड्डाणातून जरूर काढावे. त्यात दयामाया नको. मात्र काढण्यापूर्वी त्याला नीट शिकवले होते का, याचा जाब शिक्षकाला विचारला गेला पाहिजे. रायगडातली मुले-मुली आज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची स्वप्ने पाहतात. त्यांच्या वाट्याला शिस्त पुरेपूर यावी, अपमान येऊ नये.