ल फोर यांचे टाके

सत्तरी उलटलेल्या बाईचं अंग बाहेर येतं, तेव्हा ती बहुधा वर्षानुवर्षं कुणाजवळ बोलत नाही. चालताना घासतं, लघवी अडकते, धड बसवत नाही. अखेर डॉक्टरकडे नेलंच, तर घरचे म्हणतात, ‘आता या वयात ऑपरेशन कशाला?’

नेमक्या अशाच बायकांना झेपेल असं एक ऑपरेशन दीडशे वर्षांपासून आहे. योनीची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना शिवून वाटच बुजवावी, ही कल्पना जेरार्दँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८२३ मध्ये मांडली. वॉर्सॉच्या नॉयगेबाउअर यांनी १८६७ मध्ये तसं करून पाहिलं, पण ते छापलं थेट १८८१ मध्ये. तोवर, १८७७ मध्ये, पॅरिसच्या लेओन ल फोर यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. नाव त्यांचंच राहिलं.

ती पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. दोन्ही भिंतींवरचं अस्तर मधोमध पट्टीसारखं सोलायचं आणि उघड्या झालेल्या बाजू ओळीओळीनं टाके घालत जोडायच्या. जसजसे टाके पडतात तसतसं गर्भाशय आत सरकतं. दोन्ही कडांचं अस्तर मात्र राखायचं, म्हणजे स्राव वाहून जायला दोन अरुंद वाटा उरतात. निर्जंतुक शस्त्रक्रिया नुकती कुठे रुजत होती, पोट उघडणं जिवावर बेतत होतं; त्या काळात पोटाला हात न लावता हे साधलं.

म्हणूनच ते आजही टिकून आहे. वेळ थोडा लागतो, रक्त कमी जातं, हृदय अशक्त असेल तर जागेवरच्या भुलेतही करता येतं. शंभरात नव्वदहून अधिक जणींना गुण येतो. गर्भाशय आत राहत असल्यानं त्याची तपासणी आधीच करून घ्यावी लागते; काहींना नंतर लघवी गळण्याचा त्रास होतो. धोका अजिबात नाही असं नाही, पण नुसतं वय पाहून नकार देण्याइतका तो नक्कीच नाही.

किंमत एकच, आणि ती मोठी आहे: यानंतर शरीरसंबंध शक्य नसतो. म्हातारीला आता त्याचं काय, असं मुलानं किंवा डॉक्टरांनी परस्पर ठरवू नये. सगळ्यांना बाहेर पाठवून, दार लावून, तिलाच विचारावं. ती नको म्हणाली, तर आधाराची रिंग आहे, वाट शाबूत ठेवणारी दुसरी ऑपरेशनंही आहेत.