ब्लॅकपूल : श्रमिकांचे सागरतीर

समुद्रस्नान ही अठराव्या शतकातील इंग्लंडात सधनांची चैन होती. ती गिरणीकामगाराच्या आवाक्यात आणली आगगाडीने. १८४६ साली लोहमार्ग ब्लॅकपूलला पोहोचला आणि लँकेशायरच्या कापडगिरण्या वार्षिक सुटीसाठी बंद होताच गावेच्या गावे तेथे लोटू लागली. तरीही किनाऱ्यावर वर्गभेद होताच. समुद्रात दूरवर शिरलेला १८६३ चा उत्तर धक्का प्रतिष्ठितांच्या संथ विहारासाठी राहिला. १८६८ च्या मध्य धक्क्यावर मात्र उघड्या आकाशाखाली नृत्य रंगे, म्हणून तो ‘लोकांचा धक्का’ ठरला. १८८५ मध्ये विजेची ट्राम धावली. १८९४ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या धर्तीवर सुमारे ५१८ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला, त्याच्या पायथ्याशी सर्कस आली. १९५३ साली स्टॅन्ली मॅथ्यूज ज्यात खेळे त्या येथील संघाने बोल्टन या गिरणीगावाच्याच संघाला ४-३ असे नमवून फुटबॉलचा एफ. ए. चषक जिंकला.

या झगमगाटाचे मोल कामगारच भरीत आला. सुटीचे वेतन मिळत नसल्याने वर्षभर पैपैसा साठवून तो हे चार दिवस विकत घेई. सवेतन सुटीचा कायदा झाला तो १९३८ साली. विश्रांती हा श्रमिकाचा हक्क होय, हे राज्यकर्त्यांना उमगण्यापूर्वीच या किनाऱ्यावर ते आचरले जात होते.