खोकणारी गाय दाखवायची कुणाला?

पोस्ट थोडी मोठी आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

2022 साली लम्पीच्या साथीत राज्य सरकारने भरपाई जाहीर केली. मेलेल्या दुभत्या गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. तेव्हा "जनावरं मरतातच, सरकारने पैसे का वाटायचे?" असं मला दोघातिघांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर मला गुरांच्या एका वेगळ्याच रोगाच्या इतिहासात सापडलं, म्हणून हे लिहितोय.

तो रोग म्हणजे गुरांचा संसर्गजन्य फुफ्फुसदाह. आपला घटसर्प वेगळा. घटसर्पात घसा सुजतो आणि एकदोन दिवसांत खेळ खल्लास. हा मात्र सावकाश येतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायलाच कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मग ताप, खोकला. गाय मान लांब करून, पुढचे पाय फाकवून उभी राहते, कारण छातीत पाणी साचलेलं असतं. आणि खरी गोम पुढेच आहे. काही जनावरं बरी होतात, खातात-पितात, दूध देतात, पण सडलेल्या फुफ्फुसाचा तुकडा गाठोडं बांधल्यासारखा आत तसाच राहतो आणि त्यात जंतू जिवंत असतो. बाजारात अशी गाय कोण ओळखणार?

जंतू सापडला 1898 मध्ये. फ्रान्समधल्या नोकार आणि रू यांनी तो कोलोडियनच्या छोट्या पिशव्यांत भरून सशाच्या पोटात वाढवला. हा मायकोप्लाझ्मा, शोध लागलेला त्या कुळातला पहिला. याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे नेमका त्या भिंतीवरच घाव घालणारं पेनिसिलिन याच्यापुढे निकामी.

पण रोग पसरला तो जंतू सापडण्याच्या कितीतरी आधी, आगबोटी आणि शिडाच्या जहाजांतून. 1843 मध्ये न्यूयॉर्कशेजारी ब्रुकलिनमधल्या एका गवळ्याने इंग्लंडहून आलेल्या जहाजावरची गाय विकत घेतली. 1853 मध्ये हॉलंडचे बैल दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बे बंदरात उतरले. 1858 मध्ये एक गाय मेलबर्नला पोहोचली. त्या एका गायीचं निस्तरायला ऑस्ट्रेलियाला 1973 उजाडलं.

अमेरिकेची गोष्ट बघा. ब्रुकलिनच्या गोठ्यांत गायींना दारूभट्टीतला उरलेला चोथा घालत. दाटीवाटीने बांधलेल्या गायी, एकीचा श्वास दुसरीच्या नाकात. गाय खोकायला लागली की गवळी काय करणार? सांगितलं तर गोठा बंद, दूध बंद, हातात काही नाही. गुपचूप विकली तर निदान थोडे पैसे तरी येतात. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

1859 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये हॉलंडहून आणलेल्या गायींतून रोग शिरला. त्या राज्याने हजारावर गुरं मारली, मालकांना पैसे मोजले आणि सहासात वर्षांत विषय मिटवला. बाकी देश मात्र हातावर हात ठेवून बसला. शेवटी 1879 मध्ये ब्रिटनने फर्मान काढलं, की अमेरिकेतून आलेलं जनावर बंदरातच दहा दिवसांत कापायचं. निर्यातदारांच्या पोटावर पाय आला तेव्हा कुठे 1884 मध्ये केंद्रीय पशुविभाग निघाला, डॅनियल सॅल्मन त्याचे प्रमुख. (साल्मोनेला जंतूला नाव यांचंच!) तोही कसा, तर वीसपेक्षा जास्त माणसं नेमायची नाहीत या अटीवर. शिकागोचे गुरांचे व्यापारी सांगत होते, रोगबिग काही नाही, सगळ्या अफवा. दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, शिकागोच्याच दारूभट्ट्यांच्या गोठ्यांत रोग सापडला. त्यानंतर विभागाला गुरं विकत घेऊन मारण्याइतका पैसा आणि अधिकार मिळाला, आणि 1892 मध्ये देश रोगमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

मॉसेल बेला उतरलेल्या रोगाची गोष्ट वाचवत नाही. तिथून तो खोसा लोकांच्या कळपांत गेला. खोसांची इज्जत, सोयरीक, दूध, सगळं गुरांवर. त्यात ब्रिटिशांशी युद्ध हरून जमीन गेलेली. त्यांनी परकी गुरं अडवली, आपले कळप डोंगराकडे हलवले, पण जंतू आधीच आत होता. 1856 मध्ये नोंगकावुसे नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने सांगितलं, की सगळी गुरं मारा, धान्य टाकून द्या, पेरू नका. पूर्वज निरोगी गुरं घेऊन परत येतील. लोकांनी सुमारे चार लाख गुरं मारली. चाळीसेक हजार माणसं उपासमारीने गेली. ब्रिटिश काफ्रेरिया या भागाची लोकसंख्या लाखावरून तीस हजारांच्याही खाली आली.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. इतिहासकार पायर्स यांनी दाखवलंय, की ज्या भागात फुफ्फुसदाहाने गुरं जास्त मरत होती तिथेच या भविष्यवाणीवर जास्त विश्वास बसला. डोळ्यांदेखत कळप मरतोय, औषध नाही, आणि सरकार आहे ते शत्रूचं. त्या गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी भुकेल्यांना गोऱ्यांच्या शेतावर मजुरीचे करार करायला लावले आणि रिकाम्या झालेल्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना दिल्या.

आपल्याकडे गुरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली, पुढे ती मुक्तेश्वरला गेली. हा फुफ्फुसदाह भारतात शेवटी आसामच्या बाजूला उरला होता. 2007 मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला त्यातून मुक्त ठरवलं.

आता परत त्या 30 हजारांकडे. ते मेलेल्या गायीचे होते. मॅसॅच्युसेट्सने पैसे मोजले ते उभ्या जनावराचे, म्हणून माणसं स्वतःहून गोठा दाखवायला तयार झाली. लम्पीच्या वेळी आपल्याकडे बैलबाजार बंद झाले, ते योग्यच होतं. पण बाजार बंद म्हणून ज्याचा खोंड विकला गेला नाही, किंवा ज्याने गाय आजारी आहे म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरला फोन केला आणि ती वाचली पण आटली, त्याच्यासाठी त्या दरपत्रकात रकाना नव्हता.